डोकावणं

परसोडीच्या आयटी पार्कात, चौथ्या मजल्यावर,
माझ्या पडद्यावर चारशे बारा नावं येऊन बसली आहेत.
गोळीबार चौक, तांडापेठ, पाचपावली.
बंद पडलेल्या एका विणकर सोसायटीचं रजिस्टर
कुणीतरी टाइप करून पाठवलेलं.
अजून ती नुसती अक्षरं आहेत.
त्यांची माणसं करायची, हे माझं काम:
प्रत्येक अक्षरमाळेतून एक ऑब्जेक्ट,
त्याला नाव, त्याला नंबर,
आणि पुढे कधीतरी, मंजूर झालीच तर, पेन्शन.

पूर्वी मी लूप लिहायचे.
शून्यापासून सुरू, एकेक वाढवत,
रिकामी टोपली आधी मांडून ठेवायची,
मग उचल, बनव, टाक, मोज, परत ये.
बाबांचा धोटा असाच जायचा, खटक,
यायचा, खटक,
आणि किती फेऱ्या झाल्या
ते बाबांनाच ध्यानात ठेवावं लागायचं.

आता प्रवाह.
कसं ते सांगायचं नाही, काय हवं ते सांगायचं.
यादी सोड. कोरे गाळ.
उरलेल्यांचे विणकर कर. गोळा कर.
मधल्या खुणेत दोन विसर्ग शेजारी शेजारी
(दुःखाला एकच पुरतो)
आणि त्यांच्यापुढे 'नवा'.
एवढ्यावर हेमराज निखारे
हेमराज निखारे होतो.

शुक्रवारी चालवलं.
आत चारशे बारा, बाहेर तीनशे अठ्ठ्याण्णव.
लाल ओळ एकही नाही.
चौदा जण न भांडता गेले.
टीम लीडर धवडनं अंगठा पाठवला.

रविवारी लॅपटॉप घरी उघडला,
गाळणीच्या आधी एक ओळ घातली, डोकावण्याची.
ती काही बदलत नाही, कुणाला अडवत नाही,
समोरून जाणाऱ्याकडे बघते फक्त,
ओट्यावर बसलेल्या म्हातारीसारखी.
बाबा चष्मा पुसून शेजारी आले.
"एवढं लिहिलं अन् काहीच हलून नाही राहिलं?"
हलणार नाही, बाबा. हा आळशी असतो.
शेवटी कुणी 'गोळा कर' म्हणेपर्यंत
एक नाव जागचं उठत नाही.
"मंग बराबर आहे," बाबा म्हणाले,
"इतवारीचा शेठ लुगडं मांगे, तवाच आम्ही ताणा लावो."

गोळा कर, म्हटलं.
नावं उतरू लागली.

देवाजी पौनीकर
रामकृष्ण सोरते

मुरलीधर बारापात्रे

गणपत नंदनवार

बाबांनी मधल्या जागेवर बोट ठेवलं,
ताण्यावरून फिरवायचे तसं, अलगद.
"तार तुटली का असंच दिसते."

तुटलेली नाही. मी रकाने उघडून पाहिले.
पत्ता आहे. काम आहे: कांडी भरणे.
मजुरी आहे, पैशांत.
नावाचा रकाना कोरा.
चौदाही ठिकाणी कोरा.

"ही बारापात्र्याच्या घरची," बाबा म्हणाले.
"भुरी म्हणत तिले. खरं नाव..."
आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं.
आतून आई: "काय माईत बाप्पा.
मलेबी सारे हेडाऊचीच म्हणत."

नवव्या कोऱ्या ओळीत पत्ता आमचा होता.
घर नंबरसुद्धा.
तिथे मी कौतिका लिहिलं.
एकदा वाहून गेलेला प्रवाह
पुन्हा वापरता येत नाही, नवा काढावा लागतो,
परत यादीपासून.
काढला. तीनशे नव्व्याण्णव.

आईनं दारात येऊन पडद्याकडे पाहिलं,
तिला तो वाचता येत नाही,
हात पदराला पुसत
स्वतःबद्दल काहीच बोलली नाही.
म्हणाली,
"अन् भुरी?"